गाळलेली ओळ

माझी पुस्तकं मादाम क्लोतिल्दच्या स्वयंपाकघरात न्यायची नाहीत, हा आमच्यातला जुना करार. तो कधी बोलून झाला नव्हता. मी चौथ्या मजल्यावर राहतो, त्या पाचव्यावर. गुरुवारी त्या मला जेवायला बोलावतात, मी चीज आणि वाइनची बाटली घेऊन वर जातो, आणि माझ्या घरातल्या एका कपाटाविषयी आम्ही दोघं बोलत नाही.

त्या कपाटात त्या लोकांची पुस्तकं आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लष्कर आमच्या देशात होतं तेव्हा जे लेखक त्यांच्या मेजवान्यांना गेले, त्यांच्या पैशांवर चालणाऱ्या वर्तमानपत्रांत लिहीत राहिले, शेजाऱ्यांची नावं छापून मोकळे झाले, ते लोक. युद्ध संपल्यावर कुणाला गोळी घातली गेली, कुणी पळालं, कुणी नाव बदलून पाककृतींची पुस्तकं लिहिली. मी त्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमवतो. का, ते मला नीट सांगता येत नाही. जन्मभर मी छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणून चुका जपून ठेवायची सवय लागली असेल. विचारणाऱ्याला मी हे उत्तर देतो. मला स्वतःला ते फारसं पटत नाही, पण दुसरं अजून सापडलेलं नाही.

मादाम क्लोतिल्दच्या वडिलांना, ब्नुआ पेराशों यांना, चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये जर्मनांनी गोळ्या घातल्या. ते आमच्याच टेकडीवरच्या शाळेत मास्तर होते. शाळेच्या भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी आहे. दरवर्षी मार्चच्या शेवटी तिथे मुलं गाणं म्हणतात, नगरपालिकेचं कुणीतरी फुलं ठेवतं आणि मादाम क्लोतिल्द छोटं भाषण करतात. भाषण दरवर्षी तेच असतं, मला ते पाठ आहे. त्यातलं एक वाक्य त्या जरा सावकाश म्हणतात: "माझ्या वडिलांनी आपल्या सर्वांत जुन्या मित्राला दार दाखवलं, आणि त्याने पुन्हा कधी आमचा उंबरा ओलांडला नाही."

हा मित्र म्हणजे कादंबरीकार इलेर मोंत्रवेल. दोघं एका बाकावर बसून शिकले. चाळीसच्या उन्हाळ्यात जर्मन आले, आणि मोंत्रवेल त्यांच्या बाजूने लिहू लागला. भाषणातलं दार त्याच उन्हाळ्यातलं. शेवटी स्पेनला पळाला आणि तिथेच मेला. पण टेकडीवरच्या लोकांची तोंडं कोण बंद करणार? पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत बेकरीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाली होती, "अहो कसलं दार न् काय, माझी आई सांगायची, मोंत्रवेल मास्तरांकडे शेवटपर्यंत येत होता." मादाम क्लोतिल्द मागेच रांगेत उभ्या होत्या. त्यांनी हातातला पाव परत ठेवला आणि त्या बाहेर पडल्या. तेव्हापासून त्या पावासाठी टेकडी उतरून चौकापलीकडे जातात आणि दुखऱ्या गुडघ्यांनी परत चढतात. मी एकदा म्हटलं होतं, "मी आणत जाईन तुमचा पाव." त्या म्हणाल्या, "आणाल हो, पण कुठून, ते कोण बघायला येणार?"

फेब्रुवारीत एका रविवारी मी आमच्या शहरातल्या सोन नदीच्या काठावर राविये यांच्या पेटीसमोर उभा होतो. राविये जुनी पुस्तकं विकतात आणि फार मोठ्याने बोलतात.

"या, या मस्यू कोशार! तुमच्या लाडक्या बदमाशांपैकी एक आलाय."

"हळू बोला हो."

"का? कोण ऐकतंय? बदकं?" त्यांनी पेटीच्या तळातून तपकिरी कागदातलं पुस्तक काढलं. "मोंत्रवेल. त्रेचाळीसची पहिली आवृत्ती. पानंसुद्धा न कापलेली. एका नोटरीच्या माळ्यावर मिळाली. आणि हे बघा, आत त्याच्या हातची ओळ."

पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं: '...ला, सगळं घडून गेलं तरी. इलेर.' ज्याला पुस्तक दिलं त्याच्या नावाच्या जागी कागद खरवडून पातळ केलेला. अशी पुस्तकं आम्हाला नवी नाहीत. चव्वेचाळीसच्या शेवटी, जर्मन गेल्यावर, घराघरांतून लोक अशा लेखकांनी भेट दिलेली पुस्तकं काढून आपापली नावं पुसत बसले होते. कुणी कात्रीनं, कुणी पात्यानं.

"नाव असतं तर किंमत चौपट, तुम्हाला नुसतं बघायलाही दिलं नसतं," राविये म्हणाले. "पण तुमच्याकडे तो दिवा आहे ना? कोण निघालं ते मला सांगा हं. उगीच, गंमत म्हणून."

दिवा म्हणजे नोटा तपासायचा जांभळा दिवा. शाई खरवडली तरी कागदाच्या अंगात थोडी मुरलेली राहते आणि त्या उजेडात काळपट दिसते. अशी नावं वाचण्यात मला आनंद होतो. चांगला आनंद नाही तो, मला कळतं. त्या संध्याकाळी मी पडदे ओढले, दिवा लावला आणि वाचलं: ब्नुआ पेराशों. मी दिवा बंद केला. पुन्हा लावला. नाव तेच होतं.

मग मला पानांची आठवण झाली. आमच्याकडे तेव्हा पुस्तकं पानं जोडलेलीच विकली जायची. छापलेला मोठा कागद घडी घालून तसाच शिवलेला असे, आणि वाचणाऱ्याने चाकूने एकेक घडी कापत पुढे जायचं. पान कापलेलं नाही म्हणजे पुस्तक वाचलेलं नाही. आम्हा जमवणाऱ्यांना अशी प्रत फार प्रिय, आणि ती कापायची नाही हा आमचा पहिला नियम. त्यामुळे माझ्या कपाटातली कितीतरी पुस्तकं मीही वाचलेली नाहीत. हे कुणाला सांगताना मला लाज वाटते.

मी मोंत्रवेलचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाचपून पाहिलं. एक घडीही कापलेली नव्हती. म्हणजे त्याने पाठवलं, आणि मास्तरांनी उघडलंसुद्धा नाही. मादाम क्लोतिल्दच्या वाक्याचा हा साक्षीदारच की. त्या कपाटातून एकदा तरी त्यांना देण्यासारखी एखादी गोष्ट निघावी, असं मला फार दिवस वाटत होतं. आता वाटतं, मला त्यांच्यापेक्षा स्वतःसाठीच ते हवं असावं.

दोन दिवसांनी आमचे चाळीस दिवसांचे उपास सुरू होण्याआधीचा मंगळवार आला. त्या दिवशी मादाम क्लोतिल्द बुन्य करतात. कणीक पातळ लाटायची, तुकडे करून मध्ये चीर द्यायची, तळायचे आणि वर पिठीसाखर भुरभुरायची. दुपारी मी वर गेलो तेव्हा सगळ्या जिन्यात तळणाचा वास होता. पुस्तक मी कोटाच्या आत धरलं होतं.

"काय हो शेजारी, असे काय उभे? बसा. आणि साखर तुम्हीच टाका, मला दिसत नाही. मागच्या वेळी निम्मी मांजरावर पडली."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मध्यभागी काळा डाग आला आहे. कडेने माणूस दिसतो, भांडी दिसतात, अक्षर मात्र दिसत नाही. मी साखर टाकली. त्यांनी मान तिरकी करून ताटलीकडे पाहिलं आणि दरवर्षीप्रमाणे म्हणाल्या, "गारठलेली पाखरं."

"तुमचा शब्द."

"माझाच. बेचाळीसचा हिवाळा. मी पाच वर्षांची. आईनं ताटली ठेवली, वर हे असं पांढरं, आणि मी म्हटलं, बघा, गारठलेली पाखरं! बाबा इतके हसले की त्यांचा चष्मा ताटलीत पडला. त्या एकाच हिवाळ्यात झाले हो बुन्य. पुढच्या वर्षी तेल कुठलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तर..." त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली. "घराबाहेर नाही गेला हा शब्द. आई असती तर तुम्हालाही सांगू दिला नसता."

मी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"हे काय? तुमच्या त्या कपाटातलं?"

"त्यातलंच. मादाम क्लोतिल्द, मी कदाचित चूक करतोय..."

"ते तुम्ही रोजच म्हणता. कुणाचं आहे?"

"मोंत्रवेलचं."

त्यांचा हात ताटलीवरच राहिला. मी घाईघाईने सगळं सांगितलं. खरवडलेलं नाव, दिवा, आणि मग पानं. पानांपाशी मी दोनदा आलो. त्यांनी पुस्तक जवळ ओढलं आणि पहिल्या पानावरच्या खरवडीवरून अंगठा फिरवला.

"हे आईचं काम," त्या म्हणाल्या. "गाजरंसुद्धा अशीच खरवडायची ती. आरपार." मग त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, वरून खाली, पुन्हा वर. प्रत्येक घडीपाशी बोट अडत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "नाही कापलं. शेजारी, एक पान नाही कापलं हो त्यांनी!"

"एकही नाही."

"ती बेकरीवाली आता इथे हवी होती. तिच्या नाकासमोर धरलं असतं." त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला आणि लगेच उठून ओट्यावरची छोटी सुरी आणली. "कापा."

"अं?"

"कापा म्हणते मी. आणि वाचून दाखवा. बाबांनी काय वाचायचं नाकारलं, ते मला ऐकायचंय."

"मादाम, कापलं की ही प्रत..."

"काय होईल? मरेल?" त्या माझ्याकडे कडेच्या नजरेने पाहत होत्या. "न वाचता जपून ठेवायचं. तुम्ही तर बाबांच्यासारखेच निघालात. फक्त त्यांच्याकडे कारण होतं."

मी सुरी घेतली. इतक्या वर्षांत मी एकही घडी कापली नव्हती. युद्धकाळातला तो जाड, खरबरीत कागद सुरीखाली कुरकुरत फाटत गेला आणि टेबलावर त्याचा भुसा पडला. मी वाचू लागलो.

कादंबरी वाईट नव्हती, हीच पंचाईत. टेकडीवरच्या एका मास्तरची गोष्ट होती. भला माणूस, पण जुन्या काळात अडकलेला, नव्या व्यवस्थेला न समजणारा, असं मोंत्रवेलने त्याला रंगवलं होतं. मादाम क्लोतिल्द ऐकता ऐकता मध्येच बोलत होत्या. "खोटारडा. बाबा असे पाय ओढत चालत नव्हते." "हं, हे मात्र खरं. खडूची डबी खिशात." "शाळेतली आठवण आहे त्याची ती. लहानपणाची. लिहील तो, त्याला काय." मी एक घडी कापायचो, वाचायचो, दुसरी कापायचो. त्या एकामागून एक बुन्य खात होत्या आणि त्यांच्या काळ्या स्वेटरवर साखर पडत होती. त्यांना इतकं खुशीत मी क्वचितच पाहिलं होतं.

मुद्रितं तपासणाऱ्याचा डोळा नेहमी तोंडाच्या एक ओळ पुढे असतो. मी वाचत होतो, "मास्तरांच्या टेबलावर ताटली होती, आणि चूल पेटलेली होती," आणि माझ्या डोळ्याला पुढची ओळ दिसली.

छापखान्यात मी कधी ओळ गाळली नाही. कुणी गाळली तर ती पकडणं हेच माझं काम होतं. त्या दुपारी मी ती ओळ ओलांडून गेलो आणि त्याच आवाजात पुढचं वाचलं: "ती पुन्हा हसली, तेव्हा मास्तरांनी चष्मा उचलून पुसला."

"थांबा," मादाम क्लोतिल्द म्हणाल्या. "ती कोण?"

"मास्तरांची... घरातली कुणीतरी असेल."

"पुन्हा हसली म्हणजे? आधी कधी हसली?"

मी पान उलटायला घेतलं.

"शेजारी. तुम्ही ओळ गाळलीत."

"मादाम, पुढे फारसं काही नाही. उद्या वाचू या का? उजेडही..."

"मी आंधळी होत चाललेय, बहिरी नाही. वाचा."

मी वाचलं. "मास्तरांची धाकटी खुर्चीवर गुडघे टेकून उभी होती. तिने साखरेने पांढऱ्या झालेल्या ताटलीकडे बोट दाखवलं. 'बघा,' ती म्हणाली, 'गारठलेली पाखरं!' आणि हसली."

मांजर उडी मारून खिडकीत बसलं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी दुचाकी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. मला वाटलं, मी उठून जावं. मग वाटलं, आता उठणं हा त्याहून मोठा दोष होईल.

"चष्मा," मादाम क्लोतिल्द म्हणाल्या. "चष्मासुद्धा."

"तुमच्या बाबांनी कुणाला सांगितलं असेल. मास्तरमंडळींना. त्यांच्याकडून मोंत्रवेलच्या कानावर..."

"नाही." त्यांनी ताटलीतला शेवटचा तुकडा उचलला, पण खाल्ला नाही. बोटांनी त्यावरची साखर पुसत राहिल्या. "शेजारी, साखर कुठून आली हो?"

"काय?"

"बेचाळीस साली. आई कॉफी म्हणून भाजलेलं जव उकळायची आणि त्यात बिटाचा रस घालायची. आणि त्या दिवशी ताटली पांढरी. पिठीसाखरेनं. ती कुठून आली?"

"मुलांच्या रेशनकार्डावर थोडीफार मिळत असे..."

"इतकी?" त्यांनी साखरेचं बोट माझ्यासमोर धरलं. "ही गोष्ट मी जन्मभर सांगत आलेय. तुम्हीही दरवर्षी ऐकत आलात. तुम्ही तर चुका पकडणारे."

"माझ्या लक्षात आलं नाही."

"माझ्याही नाही."

आणि हे खरं होतं. साखर त्या गोष्टीत पहिल्यापासून होती. आम्ही दोघांनीही ती पाहिली नव्हती. पानं का कापली नव्हती, तेही मला आता वेगळं दिसत होतं. नाकारलं म्हणून नसेल कापलं. जे आपल्याच स्वयंपाकघरात घडलं ते पुन्हा वाचायला कशाला कापायचं? की कापायची भीती वाटली असेल? न कापलेल्या पानावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं. इतकी न कापलेली पुस्तकं माझ्याच घरात आहेत.

"तुमचे बाबा त्याच्याकडून बातम्या काढून घेत असतील," मी म्हणालो. "तसं पुष्कळांनी केलं. मोंत्रवेलसारख्यांना आधी कळत असे, कुठे छापा पडणार ते."

"किंवा देत असतील."

"मादाम, त्यांना गोळ्या घातल्या."

"हो, घातल्या." त्यांनी तो तुकडा परत ताटलीत ठेवला. "किंवा मला साखर आवडायची म्हणून त्याला येऊ देत असतील. नुसतं तेवढंच."

मी पुस्तक उचलायला हात पुढे केला. त्यांनी त्यावर आपला पंजा ठेवला. "हे इथे राहील."

मी खाली आलो. पुढच्या गुरुवारी त्यांनी मला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. राविये यांना मी सांगितलं, नाव वाचता आलं नाही. ते म्हणाले, "तुमचा दिवा म्हातारा झाला, मस्यू कोशार." मी हो म्हणालो. घरी कपाटासमोर मी कितीदा उभा राहिलो आणि कुलूप न काढता परत फिरलो. त्या जोडलेल्या पानांत कुणाकुणाची स्वयंपाकघरं असतील, असं मनात यायचं. मी गेलो नसतो तर बरं झालं असतं, असंही यायचं. आणि लगेच असंही, की त्यांच्या वतीने हे ठरवणारा मी कोण?

मार्चच्या शेवटी शाळेच्या अंगणात मी नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत उभा राहिलो. गार वारा होता. मुलांनी गाणं म्हटलं. नगरपालिकेच्या बाईंनी फुलं ठेवली. मादाम क्लोतिल्द पाटीशेजारी काठी टेकून उभ्या राहिल्या. त्यांना कागद लागत नाही.

"माझे वडील या शाळेत शिकवत होते," त्यांनी सुरुवात केली, तीच दरवर्षीची. वडिलांचा खडू, वडिलांचा काळा डगला. मग त्या म्हणाल्या, "चाळीस सालचा उन्हाळा होता." सावकाश म्हणायचं ते वाक्य यायला हवं होतं, दार आणि उंबरा. त्या म्हणाल्या, "त्यानंतर आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे."

कशानंतर? कुणी विचारलं नाही. नगरपालिकेच्या बाई मान हलवत होत्या. एक मुलगी बुटाची नाडी बांधत होती. हातात पेन्सिल असती तर समासात खूण करावी, इतकी ती जागा मला उघडी दिसत होती. मग टाळ्या झाल्या.

परत येताना त्यांनी माझा हात धरला. कितीतरी दिवसांनी.

"कळलं असेल तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"कळलं."

"जुळत नव्हतं ना?"

"नाही, मादाम. जुळत नव्हतं."

"राहू दे तसंच."

कोपऱ्यावर आलो तसे मी सवयीने उतारावरच्या रस्त्याला वळलो, कारण त्यांना पाव घ्यायचा असणार. त्यांनी मला थांबवलं. त्या जुन्या बेकरीच्या काचेसमोर उभ्या राहिल्या, मान तिरकी करून आत पाहत. आत तीच बाई होती, आता तिचेही केस पांढरे झालेले, एप्रनला हात पुसत.

"मादाम," मी म्हणालो, "चौकापलीकडे जाऊन मी घेऊन येतो ना."

"माझे गुडघे दुखतात," मादाम क्लोतिल्द म्हणाल्या, आणि काठीने दार ढकललं.